भोळा, मूर्ख आणि जामीनदार

नीतिसूत्रांचे अध्याय ३१. महिन्याची जी तारीख, तो अध्याय त्या दिवशी वाचायचा, अशी रीत मी लहानपणापासून घरात पाहत आले. तीस दिवसांच्या महिन्यात शेवटचा अध्याय राहून जातो, फेब्रुवारीत तर तीन राहतात. पण त्याचं कुणाला फारसं वाईट वाटत नाही, कारण निम्मी सूत्रं पाठच असतात. पाठ असतात हीच खरी अडचण. रविवारच्या शाळेत मुंगीचं वचन घडाघडा म्हणून बक्षिसाची पेन्सिल मिळवलेली माणसं पुढे जन्मभर आळशी राहिलेली मी पाहिली आहेत.

मी शाळेत शिकवते आणि छावणीत राहते. गेल्या पावसाळ्यात आमच्या पाळकसाहेबांनी शुक्रवारचा शास्त्रअभ्यासाचा वर्ग माझ्या गळ्यात घातला. "बाई, तुम्हीच घ्या, तुमचा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो," एवढीच त्यामागची पात्रता. वर्गाला येणारी माणसं नाना तऱ्हेची: दोन नर्सबाई, वाळूजच्या कंपनीत शिफ्टला जाणारी मुलं, मराठी घेऊन बीए करणारी एक मुलगी, कपाळाला आठ्या घालून बसणारे मंडळीचे एक वडील म्हणजे चर्चचे एल्डर, आणि एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर, ज्यांना लहानथोर सगळे मामा म्हणतात. नीतिसूत्रंच घेऊ, असं मी सुचवलं. शुक्रवारी एक अध्याय.

पहिल्याच अध्यायात भोळा, निंदक आणि मूर्ख ही तीन माणसं एका दमात भेटतात. यांतला मूर्ख मंदबुद्धी नसतो, हे पटवायला मला बराच वेळ लागला. भोळ्याला अजून कुणी काही सांगितलेलं नसतं, म्हणून तो कुणाचंही ऐकतो. मूर्खाला सांगून झालेलं असतं, पण तो ऐकत नाही. निंदक तर सांगणाऱ्याचीच टर उडवतो. लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला तो श्रीमंत शेतकरी आठवा. पीक उदंड आलं म्हणून जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचा बेत करणारा हा माणूस हिशेबात मुळीच कच्चा नव्हता. तरी देव त्याला मूर्ख म्हणतो. त्याचं कारण गोष्टीतच आहे: सारा बेत तो स्वतःशीच बोलून ठरवतो. बायको नाही, गडी नाही, शेजारी नाही. त्या अख्ख्या गोष्टीत देव बोलेपर्यंत दुसरा आवाजच ऐकू येत नाही. शेंद्रा-बिडकीनकडे औद्योगिक वसाहतीत जमिनी गेल्या आणि हातात एकरकमी पैसा आला, त्यानंतर कुणाकुणाच्या घरात काय झालं, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे ही गोष्ट फोड करून सांगावी लागली नाही.

या पुस्तकातलं ज्ञान मंदिरात बसत नाही. ते रस्त्यावर, चव्हाट्यावर आणि नगराच्या वेशीच्या दरवाज्याशी उभं राहून हाका मारतं. जुन्या इस्राएलात वेस म्हणजे बाजार आणि कोर्टकचेरी एकाच जागी. बवाजाने रूथचा प्रश्न वडीलधाऱ्यांपुढे सोडवला तो वेशीतच. आमचं शहर बावन्न दरवाज्यांचं म्हणवतं. मलिक अंबरने १६१२ मध्ये उभा केलेला भडकल दरवाजा अजून आहे, मकाई आहे, पैठण गेट आहे, छावणीकडे येताना बारापुल्ला आहे. मी वर्गात विचारलं, "ज्ञान उद्या बारापुल्ल्याच्या दरवाज्यात येऊन उभं राहिलं, तर आधी कुणाला हाक मारेल?" वाळूजचा एक पोरगा म्हणाला, "ट्रॅफिक हवालदाराला." सगळे हसले, पण उत्तर चूक नव्हतं. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, ही गोष्ट नीतिसूत्रं एकदा सांगून थांबत नाहीत. छावणीत गुरुवारी बाजार भरतो आणि आमच्यातलेही काही जण तिथे माल विकतात. मात्र वजनकाट्यावर झालेलं प्रवचन मी आजवर ऐकलेलं नाही. परमेश्वराच्या भयावर मात्र भरपूर ऐकली. भय काट्यापासून सुरू होतं, हे सांगायला बहुधा अवघड जात असावं.

मग एका शुक्रवारी दासबोधावरून वाजलं. बीएची मुलगी सहज बोलून गेली, "बाई, हे तर समर्थांच्या मूर्खलक्षणासारखं आहे." दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खाचा. तिने दोन-चार लक्षणं सांगितली: जन्मदात्यांशी वैर धरणारा, आपणच आपली स्तुती करणारा, वडिलांची कीर्ती सांगणारा. मामा मान डोलवत होते. मंडळीचे वडील मात्र ताठ झाले. "शास्त्राच्या वर्गात दासबोध कशाला?"

मला राग आला, पण नीतिसूत्रं समोर उघडी होती आणि मृदू उत्तराचा पंधरावा अध्याय अजून यायचा असला तरी माहीत होता. मी त्यांना आमेनेमोपेची गोष्ट सांगितली. आमेनेमोपे हा जुन्या इजिप्तमधला लेखनिक. त्याच्या उपदेशाचा पपायरस ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. १९२४ मध्ये आडोल्फ एर्मान या जर्मन पंडिताने दाखवून दिलं की नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायाच्या मध्यापासून पुढचा बराच भाग या इजिप्ती उपदेशाशी जवळजवळ जुळतो. आपल्या पवित्र शास्त्राने परक्या देशाच्या शहाण्याला पंक्तीला बसवलं आहे. जांबचे रामदास तर आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. ते परके कसे? आणि नारायण वामन टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असं सांगत, हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलंत. वडील काही बोलले नाहीत, पण पुढच्या शुक्रवारी आले. एवढं पुरे.

पढतमूर्खाचा समास आपण ख्रिस्ती लोकांनी मुद्दाम वाचावा, असं माझं मत झालं आहे. माझ्या आजीचं माहेर जालन्याजवळच्या बेथेलचं. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्रींनी वसवलेलं ते गाव. मिशनच्या शाळांनी आमच्या घरांत अक्षर आणलं, मास्तरकी आणली, नर्सिंग आणलं. त्याचा अभिमान आहेच. पण अक्षर आलं म्हणजे ज्ञान आलं, असा आमचा समज तीन पिढ्यांत पक्का झाला. खुद्द शलमोनाचं काय झालं ते राजांच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. गिबोनात स्वप्न पडलं तेव्हा त्याने धन मागितलं नाही, न्याय करण्यासाठी ऐकणारं मन मागितलं. उतारवयात मात्र त्याला कुणी काही सांगू शकत नव्हतं आणि राज्य फुटलं ते तिथून.

आता मामांकडे येते, कारण या वर्गाचं जे काही झालं ते मामांमुळे झालं.

सहावा अध्याय म्हटलं की सगळ्यांना मुंगी आठवते. पण अध्याय मुंगीने सुरू होत नाही. पहिली पाच वचनं जामीनकीवर आहेत. शेजाऱ्यासाठी जामीन राहिलास, हातावर हात मारून शब्द दिलास, तर तू आपल्याच बोलण्यात अडकलास. आता मान खाली घाल, जा, त्याच्या मागे लाग, डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, पारध्याच्या हातून हरिण सुटतं तसा सूट, असा त्याचा रोख. मी ते वाचून पुढे मुंगीवर जाणार, तेवढ्यात मामा म्हणाले, "बाई, परत वाचा."

परत वाचलं. मामांनी चष्मा काढला. निवृत्तीच्या आधी त्यांनी बहिणीच्या मुलाला टेम्पोसाठी एका पतसंस्थेतून कर्ज मिळवून दिलं होतं आणि स्वतः जामीन राहिले होते. भाच्याने 'छोटा हत्ती' घेतला, वाळूजच्या कंपन्यांचा माल वाहू लागला. वर्षभर हप्ते गेले. मग मोबाइलवरच्या रमीचा नाद लागला आणि हप्ते थांबले. मामांच्या घरी नोटीस आली होती. ती त्यांनी बायकोलाही न दाखवता पवित्र शास्त्राच्या मागच्या पुठ्ठ्यात ठेवली होती. तिथून काढून त्यांनी ती माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी शनिवार, शाळा अर्धा दिवस. मी त्यांच्याबरोबर पतसंस्थेत गेले. व्यवस्थापक सौजन्याने वागले, फाइल काढून दाखवली. मामांचा फोटो कोपऱ्यात स्टेपल केलेला, घराच्या उताऱ्याची झेरॉक्स, चार ठिकाणी सह्या आणि सहीच्या वरच्या बऱ्याच ओळी कोऱ्या. मामा ती कोरी जागा बोटाने चाचपत राहिले. "इथं काय लिवायचं होतं?" त्यांनी विचारलं. "ते नंतर भरतो आम्ही," व्यवस्थापक म्हणाले.

नाव काढता येईल का, या प्रश्नाला उत्तर सरळ होतं. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, आधी त्याच्याकडून वसूल करा मग माझ्याकडे या, असं म्हणता येत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला की पतसंस्थेचे लोक जामीनदाराच्या दारातही येतात. तेवढ्याच तोलाचा दुसरा जामीनदार आणा, मग संचालक मंडळापुढे विषय ठेवतो, असं ते म्हणाले. दुसरा कोण आणणार? मामांनी कुणाला आणायला साफ नकार दिला. "मी सुटायचं म्हणून दुसऱ्याला अडकवू?" शास्त्रात हे वाक्य नाही, पण त्यातून निघतं.

राहिला एकच मार्ग, सहाव्या अध्यायाने सांगितलेला. मान खाली घालून त्याच्या मागे लागायचं. मामा रोज संध्याकाळी टेम्पो स्टँडवर जाऊन बसू लागले. भाचा पहिल्यांदा टाळायचा, मग भडकला. "मामा, मला मूर्ख समजता का?" मामांनी ते उत्तर वर्गात येऊन जसंच्या तसं सांगितलं: "मूर्ख मी. मला तुझी मामी नको म्हणली होती, मी ऐकलं नाही. तू भोळा आहेस. भोळ्याला अजून टाइम असतो."

मग शंभरपानी वही आली. डिझेल, टायर, भाडं, घरखर्च, हप्ता. मामा लिहीत, भाचा सांगे, मामी मधूनच, "आणि तो मोबाइलचा रिचार्ज?" असं विचारत. मामींना नोटीस दाखवल्यापासून घरात कमी भांडणं होतात, असं मामा सांगतात. नवव्या अध्यायात ज्ञान आणि मूर्खता या दोन बायका एकाच भोळ्या वाटसरूला अगदी त्याच शब्दांत घरी बोलावतात. एकीने सात खांबांचं घर बांधून जेवण रांधलेलं, दुसरी दारात बसून चोरीचं पाणी गोड असतं म्हणून सांगणारी. तो अध्याय आला तेव्हा मामा म्हणाले, "दुसरीकडे पण मोबाइल असतो आता."

भाच्याने ॲप काढून टाकलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. नीतिमान सात वेळा पडून उठतो, हे चोविसाव्या अध्यायात आहे. पडण्याचा आकडा शास्त्रात आधीच धरलेला आहे, हे मामांना फार आवडतं. माणसाचं वळणं एका प्रार्थनासभेत हात वर करून उरकतं, असं मानणारे लोक आमच्यात बरेच आहेत. मला त्यात अर्थ वाटत नाही. मी जे पाहिलं ते टेम्पो स्टँडवर, वहीत आणि मामींच्या टोमण्यांत घडलं. पौल करिंथकरांना लिहितो की वधस्तंभ जगाला मूर्खपणा वाटतो आणि देवाचं ज्ञान तेच आहे. मान खाली घालून भाच्याच्या दारात रोज उभं राहणारे मामा स्टँडवरच्या लोकांना मूर्खच वाटले असणार.

शेवटचा अध्याय आला तेव्हा सगळी पुरुषमंडळी खुशीत होती, कारण तो सद्गुणी स्त्रीचा. ती पहाटे उठते, शेत पारखून विकत घेते, सूत कातते, घरचे कपडे पाहते. आणि तिचा नवरा वेशीत वडीलधाऱ्यांबरोबर बसतो. नर्सबाईंपैकी एकीने विचारलं, "म्हणजे तो नुसता बसतो?" यावर मंडळीच्या वडिलांकडेही उत्तर नव्हतं. लमुएल राजाला हे त्याच्या आईने शिकवलं, असं अध्यायाच्या आरंभीच लिहिलेलं आहे, एवढंच मी निदर्शनाला आणून दिलं.

थकलेले हप्ते आता भरून झाले आहेत. कर्ज फिटलेलं नाही, मामांचं नाव जामीनदार म्हणून तिथे आहेच आणि फिटेपर्यंत राहील. वर्गात नवं कुणी आलं की मामा आधी एकच गोष्ट सांगतात, तीच इथे सांगते: सही मागायला कुणी आलं तर घरात विचारल्याशिवाय करू नका, कागदावरची एकही ओळ कोरी सोडू नका आणि सही केलेल्या प्रत्येक पानाची झेरॉक्स त्याच दिवशी घरी आणा.