गप्प लेकरू

दिवाळी सरली की आमच्या गावात घरांना कुलपं लागायला लागतात. बालाघाटाच्या डोंगरातलं, पावसाच्या भरवशावरचं गाव. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हा हिशोब इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल पावसाळ्यातच खर्चून झालेली असते. कोल्हापूर-सांगलीकडची नाहीतर कर्नाटकातली साखर कारखान्यांची धुराडी पेटली की टोळ्या निघतात. काही लेकरं आई-बापाबरोबर जातात आणि उसाच्या फडाजवळच्या कोप्यांत, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत, हंगाम काढतात. काही आजीजवळ मागे राहतात. ही मागे राहिलेली, तीन ते सहा वर्षांची लेकरं माझ्या अंगणवाडीत येतात.

“लय गुणाचं लेकरू हाये ताई, रडत बी नाही,” आजी दारातच सांगते. हे वाक्य ऐकलं की मी त्या लेकराकडे जरा जास्तच लक्ष ठेवते.

रडणाऱ्याचं मला फारसं काही वाटत नाही. ते उंबऱ्यावर लोळण घेतं, चप्पल भिरकावतं, मदतनीस ताईंच्या हाताला चावतं. आपण ओरडलो तर कुणीतरी धावत येईल, अशी त्याला अजून आशा असते. गप्प लेकराची ती आशा सुटायला लागलेली असते. खिचडी वाढली की ते खातं, बस म्हटलं की बसतं. हातातला ठोकळा दुसऱ्यानं हिसकावला तरी त्याचं काही म्हणणं नसतं. वर्गात आलेला पाहुणा नेमकं त्याच्याच डोक्यावरून हात फिरवतो आणि म्हणतो, किती शहाणं आहे!

हा शहाणपणा आईपासून दुरावलेल्या मुलांचा अभ्यास करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन यांनी इंग्लंडमध्ये १९५२ साली चित्रफितीत पकडून ठेवला. दोन वर्षांची एक मुलगी शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते. आई-बापानं सोबत राहायचं नाही, अशी त्या काळची रीत. मुलगी फारशी रडत नाही. पण कॅमेरा चेहऱ्यावर स्थिरावला की ती रडू गिळताना दिसते. आईपासून तुटलेलं मूल आधी आक्रोश करतं, मग हताश होतं आणि शेवटी अलिप्त होतं, असं रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी मांडलं. रुग्णालयातल्या लोकांना ही तिसरी पायरी म्हणजे ‘मूल रुळलं’ असं वाटायचं. पुढे १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीनं आई-बापांना भेटीची मोकळीक द्यावी अशी शिफारस केली. आमच्या टोळीला असली मोकळीक कुठली! खाडा केला तर त्याचे पैसे हिशोबातून वळते होतात.

आपल्याकडे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोदकांनी कोसबाडला वारली लेकरं शाळेत येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या पाड्यावरच्या अंगणात नेली. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. अंगणात खेळणाऱ्या लेकराला मान वळवली की आपलं घर दिसतं. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली, पण माझ्या खोलीच्या खिडकीतून या लेकरांना स्वतःच्या घराचं कुलूप दिसतं. त्यामुळे इथलं काम गाणी-गोष्टींच्या आधी सुरू होतं.

मी करते ते फार थोडं. त्यातलं बरंचसं न करण्याचंच आहे. गप्प लेकराला मी हसवायला जात नाही. ‘आईची आठवण येते का?’ हेही विचारत नाही. मोठ्यांना बरं वाटावं म्हणून ते मान हलवून मोकळं होतं. मी त्याच्या शेजारी बसून चिंचोके निवडते. रोज तीच जागा आणि तीच वेळ. कधीतरी ते दोन चिंचोके माझ्याकडे सरकवतं. तेवढं पुरे. बाकीचं मुक्त खेळात आपोआप बाहेर येतं.

एका वर्षी एक चार वर्षांची मुलगी रोज एकच खेळ खेळायची. खोक्याचा ट्रॅक्टर, त्यावर चिपाडांच्या मोळ्या, मोळ्यांवर दोन बाहुल्या. तिसरी, सगळ्यात लहान बाहुली ती भिंतीशी निजवायची आणि तिच्या तोंडावर फडकं टाकायची. मग ट्रॅक्टर हळूच, तोंडानं आवाजही न करता, दारापर्यंत ढकलत न्यायची. हा खेळ बघितल्यावर मला तिच्या आजीला काही विचारावं लागलं नाही. आई-बाप गेले तेव्हा पोर झोपेत होती. मदतनीस ताईंना राहवेना. त्या बाहुली उचलून ट्रॅक्टरवर ठेवायला निघाल्या होत्या. मी त्यांना खुणेनं थांबवलं. तो शेवट तिचा तिनंच बदलायचा होता. बऱ्याच दिवसांनी तिनं बाहुलीच्या तोंडावरचं फडकं काढलं आणि ट्रॅक्टर जाताना बाहुलीला मोठ्यानं रडायला लावलं. त्याच आठवड्यात ती स्वतःही रडली, माझी साडी घट्ट धरून. आजी घाबरली, म्हणाली, “पोरीला नजर लागली.” मला मात्र हायसं वाटलं.

फोनचंही एक तंत्र असतं. संध्याकाळी कोपीवरून व्हिडिओ कॉल येतो, आई ‘जेवलास का, शाळेत गेलास का’ विचारत पदर डोळ्याला लावते आणि लेकरू तोंड फिरवून पळतं. मी आयांना सांगते, विचारू नका, दाखवा. आजचा फड दाखवा, चूल दाखवा, कोपीमागचं कुत्र्याचं पिल्लू दाखवा. आई कुठे आहे याचं चित्र डोळ्यांपुढे आलं की लेकराचा जीव थोडा थाऱ्यावर येतो.

आणि तारीख कधीच सांगायची नाही. ‘पाडव्याला येतील’ म्हणायला सोपं असतं. पण पट्टा कधी पडेल, म्हणजे हंगाम कधी संपेल, हे ऊस संपण्यावर आणि मुकादमाच्या हिशोबावर ठरतं. त्यापेक्षा भिंतीवर आम्ही वाट रंगवतो. आधी संक्रांत, मग शिवजयंती, मग होळी. सण झाला की त्यावर ठसा उमटवायचा आणि त्यापुढे ‘ऊस संपला की’ म्हणून एक लांबलचक मोकळी जागा. लेकरांना खोट्या तारखेपेक्षा ती मोकळी जागा चालते, हा माझा अनुभव आहे.

मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये मी उंची, वजन भरते, आहार भरते. ते भरायलाच हवं. पण कोणतं लेकरू कधीपासून गप्प आहे, हे लिहायला तिथे रकाना नाही. मी ते माझ्या वहीत लिहिते आणि पर्यवेक्षिका बाईंना मुद्दाम वाचून दाखवते.

टोळीला निघणाऱ्या आई-बापांना माझं एवढंच मागणं आहे. गाडी अपरात्री निघाली तरी लेकराला उठवा. कुठे जाता ते सांगा, परत येणार हे सांगा, मग उंबरा ओलांडा. ते ओरडेल, गाडीमागे धावेल, तुमचाही पाय निघणार नाही. तरी झोपेत टाकून जाऊ नका. रडणाऱ्या लेकराला सांभाळायला आजी आहे, आम्ही आहोत.