टेकायची जागा

"ताई, इथं तेल हाय," रंगाऱ्याचा पोरगा म्हणाला.

माजघराच्या भिंतीशी तो उकिडवा बसला होता. हातातली पत्री त्याने पुन्हा त्याच जागी ओढली. पोपडे गळाले, डाग जागचा हलला नाही. जमिनीपासून सव्वादोन-अडीच फुटांवर, ताटलीएवढा, मध्ये तपकिरी आणि कडेला फिकट होत गेलेला. तो कुठे निघणार हे मी त्याला डोळे मिटून सांगितलं असतं. तिथे माई टेकून बसायची.

माई म्हणजे माझी थोरली चुलती. वाईच्या या घरात ती पहाटे सगळ्यांच्या आधी उठे आणि सगळ्यांच्या नंतर आडवी होई. मधल्या काळात बसलेली अशी ती दिसे फक्त दुपारी. भांडी पालथी पडली, ओटा पुसून झाला की अर्धा तास ती या भिंतीला डोकं टेकून, पाय लांब करून बसे. झोपत नसे, बोलत नसे. त्या अर्ध्या तासात तिला हाक मारायची नाही असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण मारत कुणी नसे. खोबरेल तेलाने चपचपीत अंबाडा भिंतीला लागायचा. वर्षानुवर्षं.

घट उठले, ऊन कडक झालं की दिवाळीआधी घराला चुना. वडील कळीचा चुना आणायचे, आणि तो विझवायचा कार्यक्रम आम्हा मुलांना फटाक्यांइतकाच आवडायचा. अंगणात जुना पत्र्याचा पिंप, त्यात पांढरे दगड, वरून बादलीभर पाणी. आधी काहीच होत नसे. मग आतून एक सुस्कारा ऐकू येई, आणि बघता बघता सगळं रटरटायला लागे. खाली ना लाकूड, ना गोवरी, आणि पाणी उकळतंय! "मागं व्हा, डोळे जातील," असं वडील ओरडायचे, ते खोटं नव्हतं. उडालेला चुना डोळ्यात गेला तर खरंच आंधळं करतो.

रात्रभर मुरलेला तो चुना माईच्याच जुन्या पातळाच्या फडक्यातून गाळायचा, त्यात डिंकाचं पाणी, आणि शेवटी चिमूटभर नीळ. नुसता चुना वाळला की पिवळट वाटतो, नीळ त्याला पांढरं करते. पुष्कळ रंग चुन्याच्या तिखटपणात फिके पडून मरतात. नीळ टिकते. गेरू टिकतो, पिवडीही. म्हणून जुन्या घरांचे रंग मोजकेच, आणि सगळ्या गावाचे सारखे.

चुन्याची खरी गंमत मात्र लावताना. ओला हात भिंतीवर दिसतच नाही. पहिल्या दिवशी वाटायचं, बाबा नुसतं पाणीच मारताहेत. दुपार कलली की भिंत हळूहळू उजळायला लागे, दिवा लावल्यासारखी. पुढे शाळेत कळलं की भट्टीत भाजताना दगडातून जो वायू निघून जातो, तोच भिंतीवरचा चुना हवेतून परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे दर दिवाळीला आमच्या भिंतीवर दगडाचा एक पातळ पापुद्रा चढत होता.

"टेकू नका, पाठ पांढरी होईल," हे मग आठवडाभर. माई त्या दिवसांत भिंतीपासून वीतभर पुढे सरकून बसायची, ताठ, पाहुण्यासारखी. चार-पाच दिवसांनी कधीतरी तिच्या पदराला मागून चुना दिसे, आणि महिन्याभरात डाग परत. वडील धुण्याच्या सोड्याने ती जागा आधी घासून घेत, तरी तेलावर चुना धरत नसे. तो जुना डाग वर यायचा की नवा पडायचा, हे ती असेपर्यंत समजायला मार्गच नव्हता.

ती गेली त्या वर्षीही चुना दिला. तिथे कुणी बसत नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात डाग वर आला. वडिलांनी तो पाहिला आणि काही बोलले नाहीत. त्या दिवाळीला त्यांनी माजघराला खालून चार फूट हिरव्या तेलरंगाचा पट्टा मारून घेतला, वर एक काळी रेघ. सरकारी दवाखान्यात असतो तसा. रंगाच्या डब्यावर गट्टू होता, आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी काढलेला तो ब्रशवाला मुलगा, कपाळावर बट आलेला. मला तेव्हा त्याचा राग आला होता. उगाच.

त्यानंतर भावाने त्या हिरव्यावर मोतिया प्लास्टिक रंग चढवला. ही भिंत मातीची, दीड हात जाड, वर चुन्याचा गिलावा. पावसाळ्यात ती ओल पिते आणि उन्हाळ्यात सोडते. चुना तिला सोडू द्यायचा. प्लास्टिकखाली ओल कोंडली आणि दोन पावसाळ्यांत भिंतभर फुगे आले. तेच खरवडायला आता ही मंडळी.

हिरवा पट्टा खरवडताना मी पोराला नाकाला फडकं बांधायला लावलं आणि भिंत आधी भिजवायला सांगितली. जुन्या तेलरंगांत शिसं सापडतं. घरगुती रंगात ते दहा लाखांत ९० भागांवर नको, हा नियम आपल्याकडे २०१६चा. पोराने माझ्याकडे म्हातारीकडे पाहावं तसं पाहिलं, पण फडकं बांधलं.

मोतिया, हिरवा, मग चुन्याचे पापुद्रे, वहीच्या पानांसारखे, काही निळसर, एक पिवडीचा. सगळ्यांतून आरपार तो डाग.

"ह्यावर चपडी मारावी लागंल. न्हाईतर किती बी हात द्या, वर येनार." स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख त्याने डब्यात ढवळायला घेतली. "मारू?"

"थांब जरा."

मी भिंतीशी बसले. गुडघे कुरकुरले. पाय लांब केले आणि डोकं मागे टेकलं. डाग डोक्यामागे आलाच नाही, तो माझ्या मानेला लागत होता. मी काही उंच नाही. मला आठवते ती माई दारात उभी राहिली की दार भरून जायचं.

भिंत थंड होती. समोर स्वयंपाकघराचं दार, त्यातून फक्त चुलीची जागा दिसते. अर्धा तास तिच्यासमोर तेवढंच असायचं.

मी उठले. पोराने ब्रश बुडवला आणि डागाच्या भोवतीने, थोडं बाहेरून, गोल हात मारला. लाखेचा रंगही तांबूसच. स्पिरिटचा वास माजघरभर झाला.

"वीस मिनटात वाळतंय, ताई," तो म्हणाला. "तवर च्या हुईल का?"