नाडीचं एक मिनिट
आई रुग्णालयात होती तेव्हा डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची गोळी देण्याआधी सिस्टर तिच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं नाही. ठोके अनियमित असले की तो हिशेब फसतो. ६०च्या खाली आले, तर गोळी थांबवून डॉक्टरांना विचारायचं. त्या मिनिटात मला विलक्षण सुरक्षित वाटे. का, ते अजून नीट सांगता येत नाही. घरी सोडताना त्यांनी आईचीच बोटं तिच्या मनगटावर ठेवली, तिच्याकडून मोजून घेतलं. मळमळ, अन्नावरची वासना उडणं, पिवळसर दिसणं, काहीही झालं तरी लगेच कळवा, म्हणाल्या. या औषधाच्या उपकारक आणि घातक मात्रेत अंतर फार थोडं असतं. तुमच्या घरात कुणी ते घेत असेल, तर नाडी मोजायला सिस्टरांकडून शिकून घ्याच.