दहा पैशांचा पॅक

2025 च्या ऑगस्टपासून आमच्या टेबलावर कुणी पॅक करत नाही. डाव संपला की ॲप सगळ्यांची पानं उघडी मांडतं, तेव्हा मला ते दिसतं आणि पोटात ढवळतं. परवा डोंबिवलीकराच्या हातात इस्पिकचा राजा, बदामची राणी, एक सुटा एक्का. एकाला एक लागून पान नाही, जोकर औषधालाही नाही. पहिल्याच फेरीला वीस देऊन मुकाट बाहेर पडावं असा हात. हा गडी अकरा फेऱ्या खेळला, ऐंशी अंगावर घेतले आणि वर हसला.

शनिवारी रात्री साडेनऊला आम्ही पाच जण बसतो. मी पुण्यात. बाकीच्यांना आम्ही गावानंच हाक मारतो: सांगलीच्या वहिनी, डोंबिवलीकर, नाशिककर साहेब आणि मुलाकडे राहायला गेलेला एडिसनकर. त्याच्याकडे तेव्हा दुपारचे बारा वाजलेले असतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की अकरा. 2020 च्या टाळेबंदीत सुरू झालेला हा अड्डा मी चालवतो. म्हणजे टेबल लावतो, डुलक्या घेणाऱ्याला फोन करून उठवतो, रुसवे काढतो आणि वही लिहितो. रमी सगळ्यांनाच येते. अड्डा चालवणं ही वेगळी विद्या आहे, आणि तिचा सगळा जीव एका प्रश्नात आहे: पॉइंटाला किती?

सुरुवातीला आम्ही फुकट खेळलो. दोन आठवड्यांत खेळाचा चोथा झाला. मग कुणीतरी म्हणालं, रुपया पॉइंट. त्या एका रात्रीत डोंबिवलीकर 410 रुपये हरला आणि पुढचे दोन शनिवार त्याचं नेट गेलं. तिसऱ्या शनिवारी मी दर दहा पैशांवर आणला आणि त्याचं नेट आलं. पॅक केलं तर दोन रुपये, फुल बसले तर आठ. मधल्या या सहा रुपयांवर आमचा अड्डा पाच वर्षं उभा होता. सहा रुपयांत आज कटिंगही येत नाही. तरी एवढ्यासाठी साहेबांसारखा माणूस चष्मा पुसून आपला हात दोनदा बघायचा, उसासा टाकायचा आणि पॅक करायचा. तो उसासा मला इथे ऐकू यायचा आणि मी मनात टिपून ठेवायचो, की साहेब दुसऱ्यांदा बघून बाहेर पडले, म्हणजे एक सिक्वेन्स अर्धवट होता. पाचाचे तीन उरले की कोण काय धरून बसलंय याचा वास लागतो. पाचही जण शेवटपर्यंत बसले की वास कसला, बाजार असतो नुसता.

दहा पैशांची आणखी एक गंमत मला फार आवडायची. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 2011 च्या जूनअखेर चलनातून बाद झाली. मी तेव्हा बँकेच्या काउंटरवर होतो. ॲल्युमिनियमचं ते लाटांच्या काठाचं दहा पैशाचं नाणं देशात मेलं, पण माझ्या वहीत जिवंत राहिलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी हिशेब. यूपीआय पैशापर्यंत चोख. ‘3 रुपये 20 पैसे मिळाले’ असा मेसेज आला की 36 वर्षं कॅश सांभाळलेल्या माणसाला जे वाटतं ते दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. लाल पुठ्ठ्याची वही, पाच रकाने, जमा आणि नावे. पाचांची बेरीज शून्य यायलाच हवी. एकदाही ताळा चुकला नाही.

मग ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. सुनेनं जेवताना वाचून दाखवलं: “बाबा, खेळणाऱ्याला शिक्षा नाहीये. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड.” मी पानावरच हिशेब केला. आमच्या दरानं एक कोटी म्हणजे साडेबारा लाख फुल हँड. कायदा कंपन्यांसाठी आहे, हे मलाही कळतं. पण आयुष्यभर ज्यानं नियमावर बोट ठेवून लोकांचे चेक परत केले, त्यानं स्वतःसाठी पळवाट शोधायची कशी? त्या रविवारी शेवटचा हिशेब करून मी वहीत आडवी रेघ मारली.

कायद्यावर माझा राग नाही. रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, म्हणून ती मुख्यतः कौशल्याची, असं सर्वोच्च न्यायालयानं सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सांगितलं, ते 1967 साली. त्या निकालाच्या पदराखाली पुढे काय काय वाढलं ते आपण टीव्हीवर पाहिलंच: नट हसतोय, पैसा उडतोय आणि शेवटी धोक्याची सूचना अशी भरभर म्हटली जातेय, जशी सत्यनारायणाला उशीर झालेला गुरुजी पोथी उरकतो. अनोळखी पाच जण, तीस सेकंदांचं घड्याळ. पानं लक्षात ठेवाल हो. माणसं कुठे ठेवाल? आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर रुपयानं तीन पत्ती चालते. तिला मी पत्ते मानत नाही. ते मला ‘दहा पैसेवाले’ म्हणतात. म्हणू देत.

पैसे गेले आणि पॅकही गेला. मग मी उपाय सुरू केले. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, लहानपणी चिंचोके लावायचो की आपण!” ठरलं. प्रत्येकानं घरात पाचशे चिंचोक्यांचे दोन डबे ठेवायचे, हरलं की एका डब्यातून दुसऱ्यात टाकायचे. एडिसनकराला चिंचोके मिळेनात, त्यानं राजमा घेतला. तिसऱ्याच आठवड्यात त्याच्या सुनेनं त्याचं सगळं भांडवल शिजवलं. आणि खरं सांगायचं तर चिंचोका जाताना कुणाला काही होत नव्हतं. ज्याच्यानं काही विकत येत नाही, ते गमावल्याचं दुःख सातव्या वर्षी होतं, सत्तराव्या नाही.

दुसरा उपाय माझ्या डोक्यातला, आणि तो मला फार हुशारीचा वाटला होता. रात्रीअखेर ज्याचे पॉइंट सर्वांत जास्त, त्यानं पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणायची. काय फरक पडला! पहिल्याच रात्री धडाधड पॅक. मी खुशीत. साहेब हरले. पुढच्या शनिवारी ते ताठ बसले, घसा साफ केला, आणि साडेसतराच्या पुढे अडकले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच. ज्यांच्यासमोर मी वीस वर्षं उभा राहून सह्या घेतल्या, ते स्क्रीनच्या चौकोनात ओठ हलवत होते आणि आम्ही चौघं आपापल्या चौकोनात खाली बघत होतो. शेवटी वहिनींनीच “एकवीस” म्हटलं. पैसा नव्हता, तरी डाव रुपया पॉइंटापेक्षा महाग झाला होता. ती अट मी त्याच रात्री काढली. साहेब पुढच्या वेळी आले, पण कॅमेरा बंद ठेवून.

आता एक कबुली. रेघ मारल्यावर मी वहीची पाच वर्षांची खतावणी केली. माझा रकाना 1,146 रुपये 40 पैसे जमा. बाकी चौघंही नावे. चौघांना हे कधीच कळलं नसतं, कारण महिन्याचा हिशेब मी महिन्यापुरताच सांगायचो. आजवर मला वाटायचं की अड्ड्याला शिस्त हवी म्हणून मला पॅक हवाय. पण दुसऱ्यांच्या पॅकवरच तर मी जिंकत होतो. साहेबांचा उसासा मी पाच वर्षं वाचत होतो, आणि त्याचे मला सरासरी आठवड्याला चारेक रुपये मिळत होते. ते चार रुपये मला अजून हवेत. रकाना मी कुणाला दाखवलेला नाही.

गेल्या शनिवारी दुसऱ्याच डावाला, पहिल्याच फेरीत, वहिनींच्या नावापुढे पॅक उमटला. टेबल गप्प झालं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. माझे कान टवकारले: ना पैसा, ना चिंचोका, ना औटकी, आणि बाई वीस घेऊन बाहेर! मी न राहवून विचारलं, “वहिनी, हात फारच वाईट होता का?”

“हात कुठला बघतेय भाऊजी,” लांबून आवाज आला, “दूध उतू चाललंय.”

डाव संपला, पानं उघडी झाली. त्यांच्याकडे दोन जोकर होते.