पंख जाड की पातळ? छोट्या प्रतिकृतीने दिलेला चकवा (थ्रेड)

१/ रेडिओ-नियंत्रित कसरती द्विपंखी विमान बांधणाऱ्या हौशी कारागिरापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो : पंखाचा छेद, म्हणजे एअरफॉइल, जाड ठेवावा की पातळ? शंभर वर्षांपूर्वी याच प्रश्नावर वैमानिकांचे प्राण अवलंबून होते. आणि तेव्हा उत्तर चुकले, ते छोट्या प्रतिकृतींवर विसंबल्यामुळे.

२/ १९०१ साली राइट बंधूंनी अमेरिकेतील डेटन येथे लहानसा विंड टनेल उभारून सुमारे २०० चिमुकले पंख तपासले. पातळ, किंचित वाकवलेले पंख सरस ठरले. मोजमाप काळजीपूर्वक केलेले होते.

३/ परंतु तो निष्कर्ष त्या आकारापुरताच खरा होता. हवा पंखाला कितपत बिलगून राहील, हे पंखाची रुंदी आणि वेग या दोहोंवर ठरते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांच्या १८८३ च्या प्रयोगांत या नियमाचे मूळ आहे. लहान व मंद पंख जाड असला, तर प्रवाह त्याच्या पाठीवरून लवकर सुटतो. मोठ्या व वेगवान पंखावर तो टिकून राहतो.

४/ परिणामी पहिल्या महायुद्धातील बहुतेक लढाऊ विमानांचे पंख पातळच राहिले. सॉपविथ कॅमल, स्पॅड, अल्बाट्रॉस ही त्याची उदाहरणे. अशा पंखात भक्कम तुळई बसत नाही. म्हणून दोन पंख, खांब आणि तारांचे जाळे. शिवाय विमानाचे नाक जरा अधिक उचलले, की पातळ पंखाची उचल एकाएकी कोसळते. जमिनीलगत असे घडले, तर सावरायला अवधी उरत नाही.

५/ जर्मनीत ह्यूगो युंकर्स यांचे जाड पंखांचे, बाहेरच्या तारा नसलेले धातूचे विमान डिसेंबर १९१५ मध्येच उडाले होते. १९१७ मध्ये ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांचा मोठा विंड टनेल सुरू झाला आणि जाड छेदाचे गुण आकड्यांत दिसू लागले.

६/ १९१८ मध्ये आघाडीवर आलेले फोकर डी-७ हे जाड पंखांचे द्विपंखी विमान. नाक उंच ठेवूनही ते ताब्यात राही. नोव्हेंबर १९१८ च्या युद्धबंदी करारात जर्मनीने १,७०० विमाने सोपवावीत असे कलम होते. त्यात प्राधान्याने सर्व डी-७ आणि रात्री बॉम्बफेक करणारी विमाने मागितली गेली. पराभूताच्या एका यंत्राचा याहून मोठा गौरव क्वचितच झाला असेल.

७/ पुढे ग्योटिंगेनमध्ये शिकलेले माक्स मुंक अमेरिकेत गेले. त्यांच्या कल्पनेतून १९२० च्या दशकात लँगली येथे असा विंड टनेल बांधला गेला, ज्यात हवा २० पट दाबून छोट्या प्रतिकृतीकडून मोठ्या पंखाचे खरे उत्तर मिळवता येई.

८/ आजचा कारागीर कसरतीच्या प्रतिकृतीला बहुधा जाड, सममित छेद देतो. सुलटे-उलटे उड्डाण सारखेच होते, सरळ खाली झेपावताना हवेचा रोध वेग आवरतो आणि आत मजबूत तुळई मावते. झटक्याने गिरकी हवी असेल, तर पुढची कड जरा टोकदार ठेवली जाते.

९/ आणि घरात उडवायच्या, काही ग्रॅम वजनाच्या फोमच्या द्विपंखी विमानाला? त्याला सपाट, पातळ पत्र्यासारखा पंखच पुरतो. राइट बंधूंचे आकडे तिथे अजून खरे आहेत. चूक आकड्यांत नव्हती. ते कोणत्या मापाचे आहेत, हे विसरण्यात होती. इतिहासाच्या अभ्यासकालाही एका गावाच्या दप्तरावरून अख्ख्या राज्याचे चित्र रेखाटताना हेच भान ठेवावे लागते.