झांकलेलें दुखणें

स्त्रियांच्या दुखण्यांविषयीं चारचौघांत बोलूं नये, ही रीत आमच्या घरांत सासूबाईंच्याही आधींपासून चालत आलेली आहे. ती आम्हीही इतक्या निष्ठेनें पाळली कीं, पाळी जाऊन तीन वर्षें झाल्यावर पुन्हां डाग दिसूं लागले, तरी तीन महिने कोणास त्याचा पत्ता लागूं दिला नाहीं. उष्णता असेल, दगदग झाली असेल, अशी स्वतःचीच समजूत घालीत राहिलों. अखेरीस धुण्यांतला परकर धाकट्या जाऊबाईंच्या नजरेस पडला. “वहिनी, उद्यां आपण दोघी डॉक्टरीणबाईंकडे जाऊं,” एवढेंच त्या म्हणाल्या.

बाईंनीं प्रथम सोनोग्राफी करविली. पाळी गेलेल्या स्त्रीस रक्तस्राव झाला आणि गर्भाशयाचें अस्तर ४ मिलिमीटरांहून जाड दिसलें, तर त्याचा अंश काढून तपासतात. आमचें ९ भरलें. ‘बायॉप्सी’ हा शब्द ऐकतांच आमचे हातपाय गार पडले. आईच्या वेळीं भूल देऊन केलेलें ‘क्युरेटिंग’ आठवलें. बाई शांतपणें म्हणाल्या, “बायॉप्सी म्हणजे कर्करोग नव्हे. पाळी गेल्यावर रक्तस्राव झालेल्या १०० स्त्रियांपैकीं सुमारें ९० जणींत तो निघत नाहीं. उरलेल्यांत तो लवकर सांपडावा, म्हणून ही खटपट.”

रक्त पातळ करणारीं औषधें चालू आहेत काय, हें त्यांनीं आधीं विचारून घेतलें. सांगितल्याप्रमाणें तासभर अगोदर वेदनाशामक गोळी घेतली. योनिमार्ग उघडा राहावा म्हणून एक उपकरण बसवून बाईंनीं सुमारें ३ मिलिमीटर जाडीची लवचीक नळी गर्भाशयांत घातली व अस्तराचा अंश शोषून घेतला. भूल नाहीं, टांका नाहीं. सारें पांच-सात मिनिटांत आटोपलें. मात्र नळी आंत गेली तेव्हां ओटीपोटांत आलेली कळ पाळीच्या कळेहून बरीच जोराची होती. दुखलें नाहीं असें लिहिणें खोटेपणाचें होईल. कळ सोसवत नसेल तर ‘थांबा’ म्हणावें, त्यांत कमीपणा नाहीं. एखादीस घेरी येते, म्हणून लगेच उठूं नये व सोबत कोणी असावें.

पुढें दोन दिवस किंचित् डाग व पोटदुखी राहिली. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा अधिक रक्तस्राव झाल्यास तत्काळ येण्यास बाईंनीं बजावलें होतें. तसें कांहीं झालें नाहीं. नमुना अपुरा आल्यास दुर्बिणीनें पाहून तो पुन्हां घ्यावा लागतो, हेंही त्यांनीं सांगून ठेवलें होतें.

खरी परीक्षा झाली ती अहवालाच्या वाटेकडे डोळे लावून काढलेल्या आठ दिवसांत. त्याच दिवसांत सासूबाईंस सारें कळलें. आम्हांस बोल लावतील, ही भीति होती. त्या बराच वेळ गप्प बसल्या व मग म्हणाल्या, “माझ्या थोरल्या बहिणीचेंही असेंच अंगावरून जात होतें. तिनें सांगितलें नाहीं, आणि आम्हीं विचारलें नाहीं. त्यांतच ती गेली.”

अहवालांत कर्करोग नव्हता. अस्तराची वाजवीपेक्षां अधिक वाढ मात्र होती. ती आवरण्यासाठीं गोळ्या सुरू आहेत व सहा महिन्यांनीं पुन्हां हीच तपासणी व्हावयाची आहे.

वाचकभगिनींस एवढेंच सांगणें कीं, पाळी गेल्यावर एकच डाग दिसला तरी तो झांकूं नये. पुढच्या खेपेस आमच्यासोबत कोणीं यावें, याची चर्चा आतां आमच्या माजघरांत उघडपणें चालते, आणि आपणही येणार असा सासूबाईंचा हट्ट आहे.