स्पेनमध्ये जेवायचे किती वाजता?

स्पेनला जायचे ठरले तेव्हा मी एक लांबलचक यादी केली. व्हिसाची कागदपत्रे, तीस हजार युरोचा आरोग्य विमा (तो नसेल तर व्हिसाच मिळत नाही), तिकिटे, छत्री, टोपी, प्लगची पिन. त्या यादीत एकच गोष्ट नव्हती. जेवायचे किती वाजता? आता तुम्ही म्हणाल, ही काय यादीत लिहायची गोष्ट आहे? मलाही तसेच वाटले होते.

आम्ही तिघे निघालो होतो. मी, आमचे आठवीतले चिरंजीव आणि माझी आई, म्हणजे त्याची आजी. आईचे वय बहात्तर. पक्की शाकाहारी, अंडेसुद्धा चालत नाही. त्यात पंधरा वर्षांचा मधुमेह. घरी तिचे सगळे घड्याळाच्या काट्यावर : आठला नाश्ता, साडेबाराला जेवण, संध्याकाळी साडेसातला पुन्हा ताट. डॉक्टर म्हणाले होते, "खुशाल जा, फक्त गोळी घेतल्यावर खायला उशीर करू नका." मी म्हटले, त्यात काय अवघड आहे! युरोपात हॉटेलांना काय तोटा?

माद्रिदला पोचलो त्याच संध्याकाळी पहिला धक्का बसला. सात वाजता जेवायला बाहेर पडलो. मे महिना होता, आणि ऊन असे की आपल्याकडे चार वाजले असावेत. एका हॉटेलचे दार उघडे दिसले. आत शिरलो, तर टेबले मांडणारा मुलगा हसून म्हणाला, साडेआठला या. दुसरीकडे गेलो, तिथे म्हणाले नऊला. चिरंजीव म्हणाले, "आई, यांचं घड्याळ बिघडलंय का गं?"

गंमत म्हणजे त्याच्या बोलण्यात थोडे तथ्य होते! तुम्ही भूगोलात ग्रीनिचची शून्य रेखावृत्ताची रेषा शिकलात ना? ती रेषा स्पेनच्या पूर्व भागातून जाते. माद्रिद तर तिच्याही पश्चिमेला. म्हणजे खरे पाहता स्पेनचे घड्याळ लंडनच्या घड्याळाबरोबर चालायला हवे. पूर्वी ते तसेच चालत होते. पण १९४० साली, महायुद्ध चालू असताना, फ्रँकोच्या सरकारने घड्याळे एक तास पुढे केली, आणि ती जर्मनीच्या घड्याळाशी जुळली. युद्ध संपले, फ्रँको गेला, पण तो तास काही मागे आला नाही. वर उन्हाळ्यात जवळजवळ सगळा युरोपच आणखी एक तास घड्याळ पुढे करतो. त्यामुळे मे महिन्यात माद्रिदमध्ये सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी दोन वाजून गेल्यावर! तिथले लोक दोन-अडीचला जेवतात, म्हणजे सूर्याला विचाराल तर भर मध्यान्हीच की. उशिरा जेवण्याचे हे एकच कारण नाही, कामाच्या आणि शाळेच्या वेळाही तशाच बसल्या आहेत. पण आईला हे कारण फार पटले. "सूर्य बघून जेवतात, म्हणजे शहाणेच म्हणायचे," असा तिने निकाल दिला.

तर दुपारचे जेवण दोन ते साडेतीन-चार. मग स्वयंपाकघर बंद. ते उघडते रात्री आठ-साडेआठला, आणि मंडळी जमतात नऊनंतर. मधले चार तास जेवण मागितलेत तर मिळणे कठीण. माद्रिदमध्ये आम्ही खोलीवर नेलेले खाकरे आणि मेतकूट यांवर वेळ भागवली. तेव्हाच मी शहाणी व्हायला हवे होते. पण नाही.

माद्रिदहून ग्रानादाला गेलो. तिथला अल्हम्ब्रा पाहायचा, हे माझे कॉलेजपासूनचे स्वप्न. (स्पॅनिशमध्ये 'एच' मुका असतो, म्हणून ते लोक म्हणतात 'आलाम्ब्रा'.) टेकडीवरचा हा लालसर किल्ला बांधायला सुरुवात झाली १२३८ मध्ये. आत नासरी सुलतानांचे महाल आहेत. त्या महालांच्या तिकिटावर तुमचे नाव असते आणि आत शिरायची वेळ छापलेली असते. ती चुकली की चुकली. पासपोर्टही जवळ लागतो. तिकिटे कितीतरी आठवडे आधी संपतात, म्हणून जायचे असेल तर आधी अल्हम्ब्राचे तिकीट काढा आणि मग बाकीचे ठरवा. आम्हाला मिळाली ती वेळ दुपारी दीडची. मी आनंदाने उडीच मारली. दीड म्हणजे जेवणाची वेळ, हे डोक्यातही आले नाही.

आणि आत गेल्यावर तर भान हरपले. बारा संगमरवरी सिंहांच्या पाठीवर तोललेले कारंजे, भिंतीवर लेससारखी नक्षी, आणि जिकडे जाल तिकडे पाण्याचा आवाज. हे पाणी दार्रो नदीतून पाट काढून टेकडीवर आणले आहे, सात-आठशे वर्षांपूर्वी! आई एका पाटाच्या कडेला बसून राहिली. कोकणातल्या तिच्या माहेरी असाच पाट होता, त्याची गोष्ट तिने नातवाला सांगितली. डब्यातले लाडू आम्ही केव्हाच संपवले होते. मग बागा पाहिल्या, मनोरे पाहिले. पाच वाजता परत निघताना आई म्हणाली, "आता खाली जाऊन जेवायचंच आहे ना? मग मी गोळी घेते." मी म्हटले, "घे."

खाली प्लाझा नुएवा नावाच्या चौकात आलो तेव्हा सहा वाजायला आले होते. हॉटेले होती, पण स्वयंपाकघरे बंद! एक झाले, दोन झाली. त्या चौकात उघडे काय होते? बार. एकाला लागून एक, चांगले चार-पाच. पाटीवर ठळक अक्षरात 'बार' लिहिलेले. मी आईचा हात धरून एकेक बार ओलांडत पुढे चालले होते. सत्तरी ओलांडलेल्या आईला आणि तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन बारमध्ये जायचे? कसे दिसेल ते?

एका गल्लीच्या तोंडाशी आई थांबली. म्हणाली, "जरा बसते गं." तिच्या कपाळावर घाम होता आणि हात गार पडले होते. बोलणेही जरा अडखळत होते. साखर खाली गेली होती! आणि ग्लुकोजची पुडी होती हॉटेलवर, माझ्या त्या सुप्रसिद्ध यादीप्रमाणे नीट बॅगेत भरलेली.

मी आईला धरून तशीच उभी. काय करावे सुचेना. चिरंजीव मात्र शेजारच्या बारमध्ये घुसले. मी "अरे, तिथे नको!" म्हणून ओरडलेसुद्धा. आणि आतून त्याचा आवाज आला, "अथूकार! पोर फावोर! नारान्हा!"

त्याने प्रवासाआधी तीसेक स्पॅनिश शब्द पाठ केले होते, त्यांतले हे दोन. अथूकार म्हणजे साखर आणि नारान्हा म्हणजे संत्रे. काउंटरमागची बाई बाहेर धावत आली. तिने आईकडे एकदा पाहिले, तिला आत नेऊन खुर्चीवर बसवले आणि यंत्रात चार संत्री टाकून ग्लासभर रस काढला. वर साखरेच्या दोन पुड्या फोडून ओतल्या. आईने तो हळूहळू प्यायला. दहा-पंधरा मिनिटे गेली. तेवढ्या वेळात मी देवाला काय काय कबूल केले ते इथे सांगत नाही. मग आईच्या चेहऱ्यावर रंग आला आणि ती म्हणाली, "अथूकार म्हणजे साखरच ना रे? ऐकल्यासारखं वाटलं."

आईचे बरोबर होते! आपला संस्कृत शर्करा शब्द इराणात गेला, तिथून अरबांकडे गेला. अरबी बोलणारे लोक ७११ साली स्पेनमध्ये आले आणि पुढे जवळजवळ आठशे वर्षे तिथे कुठे ना कुठे त्यांचे राज्य होते. शेवटचे ग्रानादा, ते १४९२ मध्ये पडले. त्यांच्याबरोबर साखर आली आणि तिचे नावही आले. नारंग शब्दाचा प्रवासही तसाच, म्हणून आपली नारिंगी आणि त्यांची नारान्हा या बहिणी.

मी आता त्या बारमध्ये डोळे उघडून पाहिले. एका टेबलावर दोन आजोबा डॉमिनो खेळत होते. एक आजी कॉफी पीत होती. माझ्या मुलापेक्षा लहान दोन मुली चॉकलेट-दूध पीत गृहपाठ करत होत्या. कोपऱ्यातल्या एका माणसाच्या हातात वाइनचा ग्लास होता, नाही असे नाही. पण स्पेनमधला बार म्हणजे आपले चहाचे दुकान, उपाहारगृह आणि पार, तिन्ही एकत्र. सकाळपासून रात्रीपर्यंत उघडा, आणि मधल्या चार तासांत पोटाला आधार तोच. नुसत्या पाटीवरच्या शब्दाला घाबरून मी आईला चार बारांसमोरून उपाशी चालवत नेले होते.

त्या बाईने न मागता भाजलेला पाव आणला. वर किसलेला टोमॅटो, ऑलिव्हचे तेल आणि मीठ. स्पेनमध्ये सकाळच्या नाश्त्याला हे घराघरात खातात. अंडे नाही, मांस नाही, आईला चालेल असेच! पैसे द्यायला गेले तर तिने पावाचेच घेतले. निघताना आईच्या गालाला हात लावून म्हणाली, "ग्वापा!" म्हणजे सुंदरी. चिरंजीवांनी अर्थ सांगितल्यावर आई अशी लाजली म्हणता! दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम पुन्हा तिथेच गेलो. तेव्हा त्या बाईने आईला दोन्ही गालांवर पापी दिली, ती त्यांची भेटायची रीत. आईने आधी नमस्कार केला होता, मग तिनेही गाल पुढे केला.

त्या रात्री खोलीवर बसून आईने नातवाला विचारून एका कागदावर देवनागरीत लिहून घेतले : सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन वेवो. सिन म्हणजे शिवाय. मांसाशिवाय, माशाशिवाय, हॅमशिवाय, अंड्याशिवाय. हे चारही वेगवेगळे सांगावे लागते बरं का! नुसते 'शाकाहारी' म्हटले तर पुरत नाही. तिथे 'भाज्यांचे' म्हणून जे सँडविच मिळते त्यात बहुधा ट्यूना मासा आणि अंडे असते. मिश्र सॅलडवरही ट्यूना असतो. साल्मोरेहो नावाचे टोमॅटोचे गार, दाट सूप छान असते, पण त्यावर हॅम आणि अंडे भुरभुरतात. आणि तोर्तिया म्हणजे पोळी समजू नका, ते बटाटा घातलेले जाड ऑम्लेट. आईचे लाडके पदार्थ ठरले ते वांग्याचे तळलेले काप आणि त्यावर उसाची काकवी, तिखट रश्श्याचे बटाटे, आणि गास्पाचो. चिरंजीवांचे लाडके फक्त एक. चुर्रोस! आपल्या कडबोळ्यांचे हे गोड भाऊ गरम घट्ट चॉकलेटमध्ये बुडवून खायचे.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही वेळापत्रकच बदलले. अकराला बारमध्ये थोडे खाणे, दोनला पोटभर जेवण, सहाला पुन्हा बार, साडेआठला हॉटेलचे दार उघडल्याबरोबर पहिले गिऱ्हाईक आम्ही. दुपारचे जेवण मोठे ठेवावे. कामाच्या दिवशी 'मेनू देल दिया' मिळतो, म्हणजे ठरावीक दरात दोन पदार्थ, पाव आणि शेवटी गोड. दोन ते पाच छोटी दुकाने बंद असतात, तेव्हा विश्रांती घ्यावी. उगाच उन्हात फिरू नये. माद्रिदचे प्राडो संग्रहालय संध्याकाळी शेवटचे दोन तास फुकट असते, तो वेळही असा सत्कारणी लागतो. अठराच्या आतल्यांना तर ते केव्हाही फुकटच.

बाकी बारीकसारीक : दुकानात शिरताना आधी 'ओला' म्हणावे, मग हवे ते मागावे. बिल मागितल्याशिवाय कोणी आणत नाही, ते तुम्हाला हाकलू इच्छित नाहीत म्हणून. औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो. अडचणीत ११२ नंबर फिरवायचा. मेट्रोत पाठीवरची बॅग पोटावर घ्यावी. आणि ग्लुकोजची पुडी खिशात. बॅगेत नव्हे, खिशात!

आईचा तो कागद आता आमच्या फ्रिजवर लावलेला आहे. मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावरचे कुटुंब स्पेनला निघाले, तेव्हा त्यांचा मुलगा तो मागायला आला. फोटो काढायला त्याने मोबाइल पुढे केला, तर आईने त्याला खाली बसवले, हातात पेन दिले आणि म्हणाली, "फोटो नको. लिहून घे. आणि मोठ्यानं म्हणून दाखव : अथूकार."